कच्चा उमेदवार

"गाव?" नथानेलने विचारलं आणि उत्तर येईपर्यंत टाक दौतीत बुडवून घेतला.

"पिपरटोला. मूलच्या पल्याड, उमा नदीच्या काठी."

टाक कागदावर टेकला आणि तिथेच राहिला. 'पि' एवढंच उमटलं होतं. पुढचं अक्षर येण्याऐवजी शाईचा ठिपका पसरत पसरत मुगाएवढा झाला, मग चण्याएवढा. गिरजाघराच्या पडवीत शनिवारची उतरती उन्हं आली होती. मार्गशीर्षातली, पाठीला बरी वाटणारी. समोर बसलेला म्हातारा आपल्या एकुलत्या एका डोळ्याने टाकाच्या टोकाकडे कौतुकाने बघत होता. आपलं गाव कागदावर कसं दिसतं ते त्याला बघायचं होतं.

"पूर्ण नाव?" नथानेलने वर न बघता विचारलं.

"लटारू. लटारू देवाजी."

"आणि आधी काय करत होता?"

"मालगुजाराच्या इथी होतो, मास्तर. जवानीतली गोष्ट. लगित वर्सं झाले."

पाच आठवडे या माणसाला नाव लागलंच नव्हतं. सगळी मंडळी त्याला अस्वलेबुवा म्हणत. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याला धरलं, उजवा गाल आणि डोळा नेला, मांडीचं हाड मोडलं. चौघांनी बाजेवर घालून जंगलातून सडकेपर्यंत आणि तिथून बैलगाडीने चांद्याच्या मिशन दवाखान्यात आणला. तिथे तो सहा महिने पडून होता, आणि पडल्या पडल्या त्याने प्रभूचं ऐकलं. आता बल्लारशाच्या रस्त्यावर लाकडाच्या टालीवर राखणदारी करायचा आणि दर शनिवारी लंगडत नथानेलच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गाला यायचा. बाप्तिस्म्याआधी पाच धडे असत. सगळे पापी आहेत. आपल्या करणीने कुणी सुटत नाही. प्रभू आपल्या जागी मेला. त्याच्यावर विश्वास ठेवला की तारण, आणि तेही फुकट. मग नवा जन्म. नथानेल हे धडे बावीस वर्षं शिकवत आला होता. मिशनच्या शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशी उत्तरं उमेदवार म्हणत आणि तो मान डोलवी. पण चौथ्या शनिवारी 'तारण म्हणजे काय?' असं विचारल्यावर या म्हाताऱ्याने पाठ केलेलं उत्तर दिलंच नाही. तो म्हणाला, "मास्तर, मले बाजेवर आणलं तवा मी काई चाललो काय? चाललो नाई. हात धरला काय कोणाचा? तोबी नाई. मले तं सुदबी नोती. पर मी दवाखान्यात पोचलो ना बाप्पा. मले आणलं गेलं. असंच हाये थे." त्या दिवशी नथानेल हसत घरी गेला होता. जेवताना त्याने ते उत्तर बायकोला दोनदा सांगितलं, आणि पाळकसाहेबांना सांगायला मुद्दाम वाट वाकडी केली. गेले पंधरा दिवस शनिवारची वाट बघावीशी वाटत होती ती या एका म्हाताऱ्यापायी.

आणि आता त्या फाटक्या गालाखाली, पांढऱ्या खुंटांखाली, दुसरा एक चेहरा हळूहळू वर येत होता. भरलेल्या मिशांचा, तेल लावलेला, डोक्याला तिरका पटका. नथानेलने टीपकागद दाबून कागद बाजूला सारला. बाकीचे चार उमेदवार सही-अंगठे करून पायऱ्यांवर बसले होते. "एक प्रश्न राहिला," तो म्हणाला. आपला आवाज त्याला शाळा तपासनिसासारखा वाटला. "पश्चात्ताप म्हणजे काय?"

म्हाताऱ्याने विचार केला. "वाईट वाटणं. आन मंग माघारी फिरणं."

उत्तर बरोबर होतं. पुस्तकातही इतकंच होतं. नथानेल म्हणाला, "तुमचं अजून कच्चं आहे. या खेपेला नको. ईस्टरला पाहू."

पायऱ्यांवरचे चौघे वळून बघू लागले. म्हाताऱ्याने हुज्जत घातली असती, का म्हणून विचारलं असतं, तर सोपं गेलं असतं. तो काठी टेकून उठला, म्हणाला, "बरं मास्तर. तुमाले जास्त समजते," आणि पायरी पायरी उतरून गेला.

नथानेल जटपुरा दरवाज्यातून आत शिरला तेव्हा रामाळा तलावावरून परतणाऱ्या म्हशींनी रस्ता अडवला होता. तो त्यांच्यामागे त्यांच्याच चालीने चालू लागला. एरवी त्याला हा वेळ आवडे. परकोटाच्या काळ्या दगडांवर तांबूस ऊन, चुलींचा धूर, शाळेतल्या एखाद्या पोराच्या बापाचा 'जोहार मास्तर'. आज सगळं होतं तसंच होतं, फक्त मध्ये, त्याच्या डोळ्यांपुढे, बापाचा विणायला लावलेला ताणा उभा राहिला होता. पांढऱ्या सुताचा, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाप डोमा पिपरटोल्याचा विणकर. त्याने आणि आईने बाप्तिस्मा घेतला त्याला महिना झाला नव्हता, नथूचा नथानेल झाला होता आणि ते नाव त्याला अजून पुरतं म्हणता येत नव्हतं. गावच्या जमीनदाराने, मालगुजाराने, निरोप धाडला होता की धरम सोडला, तर गावही सोड. बापाने सोडलं नाही. मग एका दुपारी मालगुजाराचा माणूस आला, हातात विळा घेऊन. काही बोलला नाही. शिवीसुद्धा दिली नाही. गवत कापावं तसं त्याने ताण्यावरून विळा फिरवला, या बाजूने एकदा, त्या बाजूने एकदा. सूत तुटताना आवाज होत नाही. नऊ वर्षांच्या पोराला त्याचंच नवल वाटलं होतं, की इतकं सगळं तुटलं आणि आवाज नाही. मग त्या माणसाने विळा धोतराला पुसला, जसा काही तो ओला झाला होता, आणि तो निघून गेला. बापाने टोकं गोळा केली आणि तो गाठी मारायला बसला. एक एक धागा, त्याच्या जोडीचा धागा शोधून. दोन दिवस तो बसून होता. संध्याकाळी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली तेव्हा म्हणाला, "देवा, लटारूले माफ कर." आईने आमेन म्हटलं. नथूने ओठ दातांखाली धरले होते. त्याने ते नाव पुढे कधी कुणाजवळ काढलं नाही. लग्न झाल्यावर बायकोला गोष्ट सांगितली, तीही 'मालगुजाराचा माणूस' एवढीच.

घरी त्याची बायको सुगंधा नुकतीच मिशन दवाखान्यातून आली होती. ती तिथे नर्स होती. पायांतले जाडे बूट काढून ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्याने टोपी खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गाव, नाव, विळा, आणि शेवटी ईस्टर.

ती सुपातला खडा बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "तुमी त्याले नापास केलं?"

"नापास नाई. थांबवलं."

"उत्तर बरोबर दिलं होतं?"

"दिलं होतं."

ती थोडी हसली, पण लगेच तिचं तोंड गंभीर झालं. "आला तवा त्याच्या गालात किडे पडले होते. अकरा दिवस मी चिमट्यानं काढून राह्यली होती. रोज तो इव्हळे आन मी त्याले शास्त्रातलं सांगे, त्याचं ध्यान तिकडं लागावं म्हणून. मले काय माहीत का तो तुमच्या बापाचा माग तोडणारा हाये." तिने सूप खाली ठेवलं. "माहीत असतं तं किडे राहू देले असते काय? सांगा तुमीच."

"मी तसं म्हटलं नाई."

"नाई म्हटलं. पर तुमी काऊन थांबवलं थे त्याले सांगितलं काय?"

ती उठली, चुलीवर आधण ठेवलं, आणि आतून म्हणाली, "मले नोका विचारू. मी तं त्याले जेवाले बोलावलं हाये, बाप्तिस्म्याच्या दिवशी. आता सांगून द्याले तुमीच जा." त्या रात्रीच्या भाकरीबरोबर लाखोळीची भाजी होती, त्याला आवडणारी. तो नेहमीसारखा जेवला. आपण नेहमीसारखे जेवलो याचं त्याला थोडं वाईट वाटलं.

रविवारी तो नेहमीच्या बाकावर बसला, डावीकडून दुसऱ्या, खिडकीपाशी. मागच्या चटईवर म्हातारा होता. त्याचं गाणं ऐकू येत होतं. तो सुरापेक्षा अर्धं पाऊल मागे असायचा, आणि शेवटचा शब्द एकटाच म्हणायचा, मोठ्याने, मनापासून. काल ज्याला थांबवलं त्याने आज यावंच का, असं नथानेलला वाटलं, आणि तो आला म्हणून बरंही वाटलं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा बसतात ते त्याला उमगेना. प्रभुभोजनाची वेळ झाली. पाळकसाहेब दर महिन्याला सांगत तेच म्हणाले, की कुणाचं कुणाशी वैर असेल तर त्याने आधी ते मिटवावं, मग पुढे यावं. बावीस वर्षं हे वाक्य नथानेलच्या कानावरून पाण्यासारखं गेलं होतं. त्याचं कुणाशी वैर नव्हतं. शेजारच्या नूर मोहम्मद शिंप्याशी नाही, हेडमास्तरांशी नाही, शेणाच्या ढिगावरून भांडणाऱ्या मागच्या घराशीही नाही. आज बाक रिकामा होत गेला, आणि तो बसून राहिला. सुगंधा उठली, त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे गेली. पाळकसाहेबांनी भाकरीची ताटली हातात धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बसल्या बसल्या त्याला स्वतःचा थोडा राग आला, आणि मग रागाखाली काय आहे ते दिसू लागलं. सगळे पापी आहेत, हा पहिला धडा तो सांगे तेव्हा त्याच्या मनात सगळे म्हणजे कोण असत? समोर बसलेले. दारू सोडून आलेले, बायकोला मारून पस्तावलेले. स्वतःला तो वगळत नसे, आपणही पापीच असं तो रोज पहाटे गुडघ्यावर म्हणे. पण ते म्हणणं अंगणात सडा टाकण्यासारखं होतं, नीटनेटकं, दिवस सुरू व्हायच्या आधीचं. आत खोलवर त्याला पक्कं ठाऊक होतं की आपण डोमाचं पोर आहोत. आपला माग तुटला होता. आपण गाव सोडलं, चांद्याला येऊन दुसऱ्याच्या ओसरीवर राहिलो, उपाशी शिकलो, आणि कुणाचं वाईट केलं नाही. देवापुढे जायची वेळ आली तर तो एक तुटलेला ताणा हातात धरून जाणार होता. हे बघ, हे सोसलं. फुकट मिळतं ते इतरांसाठी होतं. त्याने आपलं काहीतरी शिदोरीसारखं बांधून बरोबर घेतलं होतं. आणि ज्याने तो ताणा तोडला तोच माणूस मागच्या चटईवर, रिकाम्या हाताने, सूर चुकवत, खुशीत बसला होता. त्याला बाजेवर घालून आणलं होतं. नथानेलला वाटलं, मी चालत आलो असं मी आजवर समजत होतो. ही गोष्ट लज्जेची होती. पण ती समजली तेव्हा त्याच्या छातीत लाज आली नाही. घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं काहीतरी झालं, आणि त्याला भीती वाटली की हेही आपण उद्या विसरून जाऊ.

म्हणून त्याने ते उद्यापलीकडे जाऊ दिलं नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर तो डाग पडलेला कागद घडी करून खिशात घालून बल्लारशाच्या रस्त्याला लागला. टालीवर सागाचे ओंडके रचलेले होते, आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा कडवट-गोड वास रस्त्यापर्यंत येत होता. म्हातारा कुंपणाशी उन्हात बसून पळसाच्या मुळाचा दोर वळत होता. मास्तर दिसताच त्याने दोर पायाखाली दाबला आणि उठायची धडपड केली.

"बसा, बसा," नथानेल म्हणाला आणि स्वतः एका ओंडक्यावर बसला. त्याने वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, शुद्ध, वर्गात बोलतो तशी. ती सगळी गेली. "मीबी पिपरटोल्याचा हावो," तो म्हणाला. "डोमा विणकराचा पोरगा. नथू."

म्हाताऱ्याने डोळा बारीक केला. "डोमा... ज्यानं धरम बदलवला थो?"

"थोच. तुमी आमच्या घरी आले होते. विळा घेऊन. ताणा कापला होता माह्या बापाचा."

दोर वळणारे हात थांबले. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, मग ओंडक्यांकडे, मग जमिनीकडे. रस्त्यावरून कोळशाची एक लॉरी धूळ उडवत गेली आणि धूळ बसली.

"कोणत्या रंगाचं सूत होतं?" त्याने विचारलं.

"पांढरं. काठाले लाल."

"पांढरं..." त्याने मान हलवली. "नाई आठवत, मास्तर. तुमच्या बापाचं तोंड आठवते, पान खाये. पर ताणा नाई आठवत. झूट कसा बोलू? लगित घरं केले मी. कोणाचं छप्पर काढलं, कोणाचे बैल नेले. मालगुजारानं सांगितलं का जायचं. घरी येऊन जेवाचं." त्याचा आवाज खाली गेला. "तुमी तेच धरून बसले असान इतके वर्सं. आन मले आठवतबी नाई."

नथानेलने कल्पना केली होती की तो रडेल, किंवा नाकबूल करेल. तो विसरला असेल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं जो विळा त्याच्या मनात रोज चकाकत होता तो दुसऱ्या कुणाच्याच हातात नव्हता. त्याला एकदम रिकामं वाटलं. भांडायला जावं आणि घराला कुलूप असावं तसं.

"म्हणून कच्चं म्हटलं काय मले?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो. तुमचं पक्कं होतं. कच्चं माहं होतं."

"पाच हप्ते शिकवलं तवा तुमाले माहीत नोतं, मी कोण हावो थे?"

"नाई."

"माहीत असतं तं?"

नथानेलने एकदा दूर पाहिलं. "नसतं शिकवलं."

म्हाताऱ्याने यावर नीट विचार केला. मग त्याचा उरलेला गाल हलला, फाटकी बाजू वर ओढली गेली. तो हसत होता. "मंग बरं केलं देवानं. माह्या तोंडावर अस्वल सोडलं, का तुमी वळखू नये." आणि नथानेललाही हसू आलं, नको असताना, पोटातून, दोघंही ओंडक्यांपाशी हसत बसले, आणि टालीतला मुनीम दारातून डोकावून गेला.

हसणं ओसरल्यावर म्हातारा सरळ बसला. "तुमचे बाप हायेत?"

"गेले. दहा वर्सं झाले."

"मंग त्याइले नाई मागता येत. तुमालेच मागतो. मले आठवत नाई, पर मी केलं. तुमी सांगता म्हणजे केलंच. मले माफ करा, नथूभाऊ."

त्याने हात जोडले होते. बोटांना दोराचे तंतू चिकटले होते. बापाचं हृदय नथानेलच्या अंगात नव्हतं. मन भरून आलं नाही, आकाशातून काही उतरलं नाही. एक जुना, हट्टी पोरगा आत अजून ओठ दाबून बसला होता. "माफ केलं," नथानेल म्हणाला. शब्द आधी बाहेर गेले, आणि मग, पाठीमागून, थोडं लंगडत, त्याचं मन त्यांच्या मागे गेलं. मग त्याने खिशातला कागद काढला, गुडघ्यावर पसरला, मुनीमाकडून दौत मागवली आणि डागाच्या पुढे गावाचं नाव पूर्ण केलं. म्हाताऱ्याने वाकून ते बघितलं आणि विचारलं, "हे पिपरटोला होये?" "होये," नथानेल म्हणाला. मग म्हाताऱ्याने अंगठा उमटवला.

पुढच्या रविवारी इरई नदीच्या डोहावर मंडळी जमली. थंडी होती, किनाऱ्यावर बाया पदर डोक्यावरून घट्ट ओढून गात होत्या. चौघांचं झालं. लटारूला पाण्यात उतरवायचं होतं तेव्हा त्याच्या मोडक्या पायाला खालचे गोटे सापडेनात. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. नथानेलने बूट काढले, धोतर खोवलं आणि तो पाण्यात शिरला. पाणी कमरेपर्यंत, हाडात जाणारं. त्याने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला. ते शरीर त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं लागलं. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, म्हाताऱ्याने "हो" म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मग त्या दोघांनी मिळून त्याला पाण्याखाली घेतलं आणि वर आणलं. वर आल्यावर त्याने आधी एकच डोळा पुसला, खोकला, आणि नथानेलच्या कानाशी म्हणाला, "पाय सापडून नाई राह्यला. सोडू नोका." "नाई सोडत," नथानेल म्हणाला. तसेच ते काठाला आले.

दुपारी लटारू ठरल्याप्रमाणे जेवायला आला. सुगंधाने भात, वरण, वांगं आणि मुद्दाम तळ्यातले मासे केले होते. लटारू तीनदा भात घेऊन जेवला, गालातून सांडलेलं शीत पुन्हा पुन्हा उचलून तोंडात घालत, आणि जेवण झाल्यावर हात धुऊन ओसरीवरच्या खाटेच्या कडेला जरा टेकला. सुगंधा पान घेऊन आली तोवर तो आडवा झालेला होता. त्याचा श्वास आधी मोठा झाला आणि मग त्याला घोरण्याचा सूर लागला.

"आता तुमी कुठी निजान? उठवू काय त्याले?" तिने विचारलं. घरात खाट एकच होती, आणि रविवारी दुपारी नथानेल तिच्यावर तासभर झोपे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

नथानेलने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. झोपेत तो भरलेल्या मिशांच्या माणसाचाही नव्हता आणि वर्गातल्या म्हाताऱ्याचाही नव्हता. दमून आलेला कुणीही असतो तसा होता. तोंड उघडं होतं.

"नोको. झोपू दे," तो म्हणाला. त्याने चटई आणली, खाटेखालची म्हाताऱ्याची काठी कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीला लावून ठेवली, आणि चटई खाली जमिनीवर अंथरली. जमीन सारवलेली होती, गार होती. डोक्यावर घोरण्याचा आवाज चालू होता. या आवाजात काही झोप लागायची नाही, असं त्याला वाटलं. आणि हे वाटता वाटताच तो झोपला.